कॅसिनोतील पोकरचे लहान दालन : एक आर्थिक विवेचन

दिवाळीच्या रात्री मालाडमधील एखाद्या घरी आप्तेष्ट तीन पत्तीचा डाव मांडून बसले, तर पहाटे हिशेब करताना एक गोष्ट निश्चितपणे आढळते. कोणी जिंकलेला असो वा हरलेला, सर्वांनी मिळून जेवढे पैसे डावात आणले, तेवढेच सर्वांजवळ मिळून शिल्लक राहतात. यजमान त्यातून काही घेत नाही. जुगाराच्या अड्ड्यावर मात्र चालक डावातून आपला हिस्सा काढून घेतो. त्यास बोलीभाषेत ‘नाल’ म्हणतात. मुंबई इलाख्यातील १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेही जुगारगृहाची व्याख्या करताना जागेच्या मालकास होणाऱ्या लाभावर भर दिला आहे. कॅसिनोतील पोकरचे दालन हे नाल घेण्याच्या याच पद्धतीचे सुसंघटित रूप होय.

महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनो नाहीत. कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयीचा कायदा १९७६ साली संमत झाला होता. परंतु तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द करण्यात आला. यास्तव मालाडच्या रहिवाशास हा व्यवसाय पाहावयाचा असल्यास सुमारे ६०० किलोमीटर दूर पणजीस जावे लागते. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवण्यास, व पुढे १९९६ साली जहाजांवर टेबलावरील खेळ चालविण्यास वाट मोकळी झाली. मांडवीत नांगरलेल्या डेल्टिन रॉयल या जहाजावर पोकरसाठी स्वतंत्र दालन आहे. परंतु येथे किंवा अन्यत्र, रौलेट, बॅकरा व यंत्रे यांना दिलेल्या जागेच्या मानाने पोकरची जागा बहुधा थोडीच असते. असे का व्हावे?

याचे मूळ दोन प्रकारच्या खेळांतील भेदात आहे. रौलेटमध्ये खेळाडू चालकाविरुद्ध खेळतो. एका शून्याच्या चक्रावर ३७ घरे असतात, परंतु अचूक आकड्यास ३५ पटच लाभ दिला जातो. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे चालकाकडे राहतात. पोकरमध्ये खेळाडू परस्परांविरुद्ध खेळतात. चालक केवळ पत्ते वाटणारा पुरवितो व डावात जमलेल्या रकमेतून ठराविक टक्के, तेही बहुधा एका कमाल मर्यादेपर्यंत, घेतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रौलेटच्या टेबलावर ६ जण प्रत्येक फेरीस १,००० रुपये लावतात व तासाला ४० फेऱ्या होतात. चालकाची सरासरी प्राप्ती ६,४८० रुपये, म्हणजे दर आसनामागे १,०८० रुपये होईल. पोकरच्या टेबलावर ९ जण बसले, तासाला ३० डाव झाले व प्रत्येक डावातील सरासरी ३,००० रुपयांतून ५ टक्के कापले, तर प्राप्ती ४,५०० रुपये, म्हणजे दर आसनामागे ५०० रुपये. शिवाय रौलेटवरील पैज दुप्पट झाली की चालकाची सरासरी प्राप्तीही दुप्पट होते. पोकरमध्ये कमाल मर्यादा आड येते. अमेरिकेतील नेवाडा राज्यात २०२३ साली कॅसिनोंच्या प्राप्तीत पोकरचा वाटा सुमारे १ टक्का, तर यंत्रांचा सुमारे दोन-तृतीयांश होता, हे या दृष्टीने उद्बोधक आहे.

जहाजावर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. तेथे जागा वाढविता येत नाही. शिवाय गोव्यातील वार्षिक परवाना-शुल्क जहाजाच्या प्रवासी-क्षमतेनुसार ठरते. म्हणजे प्रत्येक आसनाला त्याची किंमत आहे.

मग पोकरचे दालन मुळीच का ठेवावे? पहिले कारण असे की, पाहुणे बहुधा मंडळी करून येतात. त्यांतील एकास पोकर हवा असेल व तो मिळत नसेल, तर सर्व मंडळीच दुसरीकडे जाते. दुसरे असे की, पोकरमध्ये चालकास हरण्याचा धोका नाही. प्राप्ती अल्प असली तरी निश्चित असते. तिसरे कारण मनोव्यापाराशी निगडित आहे. स्वतःस जुगारी न समजणारा मनुष्य पोकर हा बुद्धीचा खेळ समजून येतो, आणि तेथे जिंकलेले किंवा उरलेले पैसे घेऊन पुष्कळदा इतर टेबलांकडे वळतो.

दालन लहान ठेवण्यातही हिशेब आहे. पोकरचे टेबल चालू होण्यास पुरेसे खेळाडू एकाच वेळी जमावे लागतात. दालन मोठे असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी टेबले रिकामी दिसतात, आणि रिकाम्या टेबलावर कोणी बसत नाही. उलट, लहान दालन लवकर भरते; शनिवारी आसनाची वाट पाहणारा खेळाडू दरम्यान रौलेटकडे जातो. अशा रीतीने जागेची टंचाईच चालकाच्या उपयोगी पडते.

खेळाडूच्या दृष्टीने पाहता निष्कर्ष स्पष्ट आहे. वरील उदाहरणात सहा तासांत टेबलावरील २७,००० रुपये नाहीसे होतात. प्रत्येकामागे सरासरी ३,०००. म्हणून केवळ इतरांइतकेच चांगले खेळणारा येथे हरतो. जिंकण्यासाठी ही कपात भरून निघेल इतके कौशल्य त्याच्या अंगी असावे लागते. मालाडच्या घरातील डाव आणि मांडवीवरील डाव यांत पत्ते तेच असतात. पहाटे उरणाऱ्या पैशांची बेरीज मात्र वेगळी असते.