एक चमचा फिलर आणि कोल्हापुरी पोट

चहाच्या चमच्यात 5 मिली मावतं. कातडीखाली टोचायच्या फिलरची नेहमीची सिरिंज 1 मिलीची असते. म्हणजे पाच सिरिंजा रिकाम्या केल्या की कुठं एक चमचा भरतो! ओठाला, गालाला एवढं पुष्कळ झालं. पण पोट म्हणजे परातीएवढं आवार. ‘सर्जरीशिवाय पोट शेपमध्ये’ ही जाहिरात दिसली की आधी हा चमचा डोळ्यांपुढं आणावा.

फिलर भरतो, काढत नाही. पोटावरची चरबी त्यानं एक ग्रॅमही उतरत नाही. चरबी विरघळवणारं इंजेक्शन वेगळं. त्यातलं डीऑक्सिकोलिक आम्ल आपल्या पित्तातही असतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2015 मध्ये त्याला परवानगी दिली ती हनुवटीखालच्या चरबीपुरती. पोटाचा त्यात उल्लेख नाही.

बहुतेक फिलरमध्ये असतं हायल्युरॉनिक आम्ल. 1934 मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी न्यूयॉर्कमध्ये ते गुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळं काढलं. ग्रीक भाषेत ‘हायलॉस’ म्हणजे काच, त्यावरून हे नाव पडलं. पुढं त्याची खाण सापडली ती चक्क कोंबड्याच्या तुऱ्यात! एंड्रे बालाझ यांनी तुऱ्यातून शुद्ध माल काढला आणि तो डोळ्यांच्या ऑपरेशनात वापरात आला. आता बहुतेक माल जिवाणू वाढवून, आंबवून तयार होतो.

हे आम्ल आपल्याला परकं नाही. 70 किलोच्या माणसात ते साधारण 15 ग्रॅम असतं आणि त्यातला सुमारे तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नवा घडवतं. पोटाशी तर त्याचं नातं जन्माआधीपासूनचं. बाळाची नाळ इतकी गुळगुळीत असते, पिळली तरी सहजी मुडपत नाही, ती आतल्या जेलीमुळं. ती जेली हायल्युरॉनिक आम्लानं भरलेली असते. मायर-पामर जोडीनं 1936 मध्ये नाळेतूनही हे आम्ल मिळवलं. आपल्याकडं नाळ पुरायची रीत आहे. त्या मातीत हेही जात होतं!

त्याला उतारासुद्धा आहे. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम हा फिलर विरघळवतं. हेच एन्झाइम सापाच्या आणि मधमाशीच्या विषातही असतं, त्यामुळं विष अंगात भराभर पसरतं. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथली कातडी मरू शकते, चेहऱ्यावर तर दृष्टीही जाऊ शकते. अशा वेळी हेच औषध धावून येतं. म्हणून सुई टोचणाऱ्याच्या कपाटात ते आहे का, हे बेधडक विचारावं.

पोटाच्या सैल कातडीसाठी डॉक्टर जास्त करून वेगळ्या जातीचा माल वापरतात: पॉली-एल-लॅक्टिक आम्ल. दह्याला आंबटपणा आणणारं लॅक्टिक आम्लच, पण साखळी करून जोडलेलं. विरघळणारे टाके याच घराण्यातले. हे आम्ल जागा भरत नाही, शरीराला स्वतःचं कोलेजन तयार करायला लावतं आणि फरक दिसायला महिने लागतात. अमेरिकेत 2004 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती एचआयव्हीमुळं गाल बसलेल्या रुग्णांसाठी. पोटावरचा वापर डॉक्टरांच्या मर्जीवर आणि अनुभवावर चालतो. चेहऱ्यावर टोचल्यानंतरचा नियम मात्र कोल्हापूरकराला लगेच पटेल: दिवसातून 5 वेळा, 5 मिनिटं, 5 दिवस मालीश!

मालिशीचं महत्त्व या गावाला कुणी शिकवायला नको. तालमीतल्या हौद्यात तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर कालवतात. मेहनत झाली की पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं कोलोसियम पाहिलं आणि इथं खासबाग मैदान उभं राहिलं, 1912 मध्ये. तिथं गाजलेल्या कित्येक मल्लांच्या पोटावर सहा कप्पे दिसत नव्हते, आणि समोरच्याला चितपट करताना त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. बळ पोटाच्या आतल्या पट्ट्यात असतं.

ते कप्पे पाडतात कोण? बरगड्यांपासून खाली उतरणाऱ्या उभ्या स्नायूला आडवे छेदणारे कंडरांचे पट्टे, बहुतेकांत तीन. ते किती आणि सरळ की तिरके, हे जन्मतःच ठरलेलं. म्हणून कुणाला चार दिसतात, कुणाला आठ.

बाळंतपणानंतर पोट सुटतं तेव्हा पुष्कळदा चरबीचा दोष नसतोच. मधले उभे स्नायू बाजूला सरकलेले असतात. उताणं झोपून डोकं जरा उचला आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा. दोनापेक्षा जास्त बोटं आत जात असतील तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. ही फट कोणताही फिलर सांधत नाही. कित्येक बायका वर्षानुवर्षं याचा दोष आपल्या जेवणाला देतात, हे ऐकून जीव तुटतो.

टोचून आकार देण्याची हौस जुनी आहे. 1899 मध्ये व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचलं. पुढं लोकांच्या अंगात गाठी झाल्या, तेव्हा ते मागं पडलं. शंभर वर्षांनंतर तेच सिलिकॉननं घडतंय. शरीराला आकार देण्यासाठी द्रव सिलिकॉन टोचून घेऊ नका, असा इशारा एफडीएनं 2017 मध्ये दिला.

म्हणून फिलरचं खोकं आपल्यासमोर फोडायला सांगा. चांगल्या कंपनीच्या फिलरसोबत सोलून काढता येणारं स्टिकर येतं, त्यावर लॉट नंबर असतो. एक केसपेपरवर लागतं. दुसरं मागून घ्या आणि घरच्या फाइलमध्ये चिकटवा.