हवेत उभं राहणारं चित्र

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या शिवारातून उत्तरेकडे सातपुडा दिसतो. नकाशावर तोच डोंगर समोच्च रेषांचा गुंता होतो. ओढ्याचं पाणी कुठे अडवायचं, हे त्या रेषांवरून ग्रामसभेला समजावणं अवघड जातं. तो डोंगर टेबलावर नुसत्या प्रकाशातून उभा राहिला, भोवती माणसं बसली आणि प्रत्येकाला आपल्या बाजूचा उतार दिसला, तर? घनाकृती पडदा घडवणाऱ्यांची सारी धडपड यासाठीच आहे.

'छोटा चेतन' या त्रिमिती चित्रपटासाठीच्या चष्म्याने हे साधत नाही. तिथे दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं मिळतात. दोन्ही डोळे वस्तूच्या भासमान अंतराकडे वळतात, पण स्पष्ट दिसण्यासाठी नजर पडद्यावरच ठेवावी लागते. या ओढाताणीने डोकं जड होतं. घनाकृती पडद्यात प्रत्येक बिंदू आपल्या खऱ्या जागी उजळतो. प्रश्न एवढाच, की तिथे त्याला उजळवायचं कसं?

पहिला मार्ग वेगाचा. जळतं कोलीत गरगर फिरवलं की अख्खं वर्तुळ दिसतं, तसंच हे. अमेरिकेतल्या ॲक्च्युॲलिटी सिस्टिम्सच्या 'पर्स्पेक्टा'त पारदर्शक घुमटाखाली पडदा फिरत असे आणि त्यावर चित्राचे 198 काप पडत. प्रत्येक काप 768 × 768 बिंदूंचा, म्हणजे एका घनचित्रात अकरा कोटींहून जास्त बिंदू. ऑस्ट्रेलियातल्या व्हॉक्सन कंपनीने पडदा फिरवण्याऐवजी वेगाने खाली-वर हलवला. चित्र भरगच्च मिळतं, पण फिरत्या पडद्यात हात घालता येत नाही आणि यंत्राचे हलते भाग झिजतात.

दुसऱ्या मार्गात काहीच हलत नाही. 1996 मध्ये एलिझाबेथ डाउनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेत दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मिसळली आणि तीत अदृश्य अवरक्त लेसरचे दोन किरण सोडले. ते जिथे एकमेकांना छेदत, तेवढाच बिंदू रंगाने उजळे. या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत देखणी वाटणारी कल्पना हीच. पण चित्र मोठं हवं तर काचही तेवढीच मोठी आणि जड हवी. 'डेप्थक्यूब' या यंत्राने द्रवस्फटिकांचे 20 थर एकामागे एक ठेवले. एका वेळी एकच थर दुधाळ होऊन चित्र झेलतो, बाकीचे पारदर्शक राहतात. तो मात्र समोरूनच पाहायचा.

तिसरा मार्ग मोकळ्या हवेचा. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात डॅनियल स्मॉली यांच्या गटाने लेसरने पकडलेला सेल्युलोजचा सूक्ष्म कण फिरवून चित्रं रेखाटली. ते संशोधन 2018 मध्ये 'नेचर'मध्ये आलं. पुढच्याच वर्षी ससेक्स विद्यापीठाने 512 छोट्या ध्वनिक्षेपकांच्या श्राव्यातीत लहरींवर 2 मिलिमीटरचा मणी नाचवला. भोवती काच नाही, फिरता पडदा नाही; पण एकट्या कणाला सारं चित्र गिरवायचं असल्याने चित्र लहानच राहतं.

आणखी एक अडचण यातल्या बहुतेक यंत्रांना चिकटलेली आहे. प्रकाशाचा बिंदू आपल्यामागच्या बिंदूला झाकत नाही, म्हणून चेहऱ्यातून मागची भिंतही दिसते. करमणुकीसाठी हे वैगुण्यच. वैद्यकात मात्र आरपार दिसणंच हवं असतं, आणि सीटी स्कॅन तर मुळातच कापांचा बनलेला असतो. म्हणून या यंत्रांचं खरं घर मला रुग्णालयात दिसतं. शिकागोच्या रश वैद्यकीय केंद्रात 'पर्स्पेक्टा'वर मेंदूतल्या गाठींच्या किरणोपचाराचे आराखडे तपासून पाहिले गेले, ते याच गुणासाठी: गाठ कुठे आहे आणि कोणता किरण कुठल्या निरोगी भागातून जाणार, हे डॉक्टरांना भोवती फिरून पाहता येत होतं.