मासा वयात कधी येतो? सॅमनच्या एका जनुकाची गोष्ट

आजचा प्रश्न साधा आहे. मासा वयात कधी येणार, हे ठरवतं कोण? खाणं, पाण्याचं तापमान, वाढीचा वेग या गोष्टी आहेतच. पण जनुकांचा वाटा किती?

अटलांटिक सॅमन बघा. हा मासा नदीत जन्मतो, वाढायला समुद्रात जातो आणि वयात आला की अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. समुद्रात एकच हिवाळा काढलेला मासा साधारण एक ते तीन किलोंचा असतो. तीन हिवाळे काढलेला दहा किलोंच्या पुढे जाऊ शकतो. मग सगळेच का थांबत नाहीत? कारण जितके दिवस समुद्रात, तितका मरण्याचा धोका जास्त.

यात नर-मादीचं गणित वेगळं आहे. मादी जितकी मोठी तितकी गाबोळी जास्त, म्हणून तिला थांबणं फायद्याचं. नराचं मात्र लवकर परतूनही भागतं.

2015 मध्ये ‘नेचर’मध्ये एक संशोधन आलं. वयात येण्याच्या वेळेत माशामाशांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 39 टक्के फरक ‘व्हीजीएलएल-3’ या एकाच जनुकाच्या भागाशी जोडलेला निघाला. अशा गुणामागे सहसा शेकडो जनुकं थोडाथोडा हातभार लावतात, म्हणून हा आकडा मोठा.

या जनुकाचे दोन प्रकार आहेत: ‘लवकर’ आणि ‘उशिरा’. आईकडून एक, वडिलांकडून दुसरा आला तर? इथेच गंमत आहे. अशा नरात ‘लवकर’ वरचढ ठरतो, मादीत ‘उशिरा’. म्हणजे तेच जनुक, पण दोघांनाही आपापल्या सोयीचं!

हे जनुक करतं काय? उंदरांमध्ये ते चरबीच्या पेशी तयार होण्याला आवर घालतं. अंगात पुरेशी चरबी साठल्याशिवाय मासा वयात येत नाही, त्यामुळे हा धागा महत्त्वाचा. माणसातही याच जनुकाचा वयात येण्याच्या वेळेशी संबंध आढळला आहे.

आता काळजीची गोष्ट. फिनलंड-नॉर्वे सीमेवरच्या टेनो नदीतल्या सॅमनचे जुने खवले जपून ठेवलेले आहेत. खवल्यावरच्या वलयांवरून वय कळतं आणि त्यातून डीएनएही मिळतो. ते तपासल्यावर दिसलं, की 36 वर्षांत ‘उशिरा’ प्रकार कमी होत गेला. पुढच्या अभ्यासात याचा संबंध समुद्रातल्या कॅपेलिन माशांच्या पकडीशी लागला. कॅपेलिन हे सॅमनचं खाद्य. म्हणजे जाळं टाकलं एका माशासाठी आणि जनुकं बदलली दुसऱ्याची!

मासेमारी थांबवली तर संख्या कदाचित लवकर भरून येईल. पण मोठा मासा घडवणारा जनुकाचा प्रकारच दुर्मीळ झाला, तर तो परत वाढायला पिढ्या जातील. म्हणून मासे मोजताना किती उरले यासोबत कोणते उरले, हेही बघायला हवं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.