खिडकीवर पहिला नंबर, तरी वेटिंग

भंडाऱ्याचे रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, ते वरठीला आहे. पाटीवर नाव भंडारा रोड. पुण्या-मुंबईत शिकणारी पोरे, सनफ्लॅगच्या कारखान्यातले परप्रांतीय कामगार, दवाखान्यासाठी निघालेली माणसे यांना अचानक प्रवास निघाला की तत्काळशिवाय इलाज नसतो. पहाटेपासून खिडकीशी उभे राहूनही हाती वेटिंग आले की सगळा राग बाबूवर निघतो. त्या बिचाऱ्याच्या हातात फारसे काही नसते.

एसीचे तत्काळ सकाळी 10 वाजता उघडते, स्लीपरचे 11 वाजता. त्या क्षणी देशभरातल्या खिडक्या आणि लाखो मोबाइल एकाच साठ्यावर तुटून पडतात. म्हणजे वरठीत तुमच्या मागे पाच माणसे असली, तरी खरी रांग दिसतच नाही. बाबू अर्ज वाचतो, गाडी नंबर टाकतो, मग नाव, वय, एकेक अक्षर. एका अर्जावर जास्तीत जास्त चौघे. चौघांची नावे टाइप होईपर्यंत जागा संपलेल्या असतात, दुसऱ्या नंबरवाल्याचे तर विचारूच नका. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानातही काही राइडसाठी सकाळी 7 वाजता मोबाइलवरच नंबर लावावा लागे. गेटवर आधी पोहोचून उपयोग नसे.

तारखेचा घोळ याहून महागात पडतो. तत्काळ एक दिवस आधी उघडते, पण तो दिवस गाडी जिथून सुटते तिथला धरतात. गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसला अडचण नाही: मंगळवारी निघायचे तर सोमवारी खिडकी गाठा. पण हावड्याहून सोमवारी रात्री सुटून मंगळवारी आपल्याकडे येणाऱ्या गाडीचे तत्काळ रविवारीच उघडते. सोमवारी आलेल्याला उरलेसुरलेच मिळते.

1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी लागते, आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे. पाऊल चांगलेच आहे. तरीही ज्याच्याकडे वेगवान नेट नाही, त्याला खिडकीचाच आधार उरतो. म्हणून लहान स्टेशनांच्या खिडक्यांसाठी थोड्या जागा वेगळ्या राखल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

तोवर अर्ज घरूनच सुवाच्य अक्षरात भरून न्या, गाडीचा नंबर नक्की करा, पैसे सुटे ठेवा. वेटिंग आलेच, तर तत्काळचे वेटिंग आरएसीत जात नाही आणि चार्ट लागताना साध्या वेटिंगचा नंबर आधी लागतो, हे धरून चाला. त्या तिकिटावर स्लीपर किंवा एसीत बसता येत नाही. ऑनलाइन काढलेले असे तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचे होत नाही. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ते रद्द केले नाही, तर पैसे बुडतात.