जुन्या मोटारीच्या पंख्याला घेर कशाला?

जुन्या मोटारींच्या मिरवणुकीत एखादी गाडी वाफा सोडीत उभी राहते. मोकळ्या रस्त्यावर मात्र तीच सुखाने धावते. असे का होते बरे?

वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरमधून घुसून आतील पाणी थंड करतो. गाडी रेंगाळली, की सारा भार रेडिएटरमागच्या पंख्यावर पडतो. आता थोडे गणित करा. समजा, रेडिएटर ५० सें.मी. लांब व तेवढाच रुंद आहे. क्षेत्रफळ २५०० चौ. सें.मी. पंख्याचा व्यास ४० सें.मी. असेल, तर त्याचे वर्तुळ सुमारे १२५७ चौ. सें.मी. म्हणजे जेमतेम निम्मे! कोपऱ्यांतून हवा फारशी ओढली जात नाही. शिवाय मागे फेकलेली गरम हवा पात्यांच्या टोकांवरून वळून पुन्हा पुढे येते.

यावर उपाय म्हणजे पत्र्याचा घेर, अर्थात श्राउड. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना करून पाहतात. मग पत्र्याची उथळ पेटी रेडिएटरच्या चौकटीला स्क्रूने बसवतात. नाजूक नळ्यांना धक्का लावत नाहीत. पेटीच्या मागच्या गोल तोंडात पाती निम्मी आत, निम्मी बाहेर राहतात. भोवती सुमारे २.५ सें.मी. मोकळी जागा हवी. एंजिन हादरते, आणि पाते पत्र्याला लागले तर तुटून रेडिएटर फोडील.

पंखा तोच; पण आता हवेला रेडिएटरमधून येण्यावाचून वाट उरत नाही.

टेबलपंखा बाहेर तोंड करून खिडकीत ठेवा. दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरा. मग पंख्याभोवतीची जागा पुठ्ठ्याने बंद करून धुराकडे पुन्हा पाहा. काय फरक दिसतो?