समुद्रतळींच्या चिखलाची साक्ष

वाहून गेलेलें पाणी परत हातीं लागत नाहीं. मग हजारों वर्षांपूर्वीं अटलांटिक महासागराच्या तळाजवळून प्रवाह किती जोरानें वाहत होता, हें आज कसें कळावें? त्याचें उत्तर तेथील चिखलांत सांपडतें.

उत्तर अटलांटिकांत वरचें कोमट, खारें पाणी ग्रीनलंड व आइसलंड यांच्या आसपास पोंचून थंड होतें, थंडीनें जड होऊन खोल बुडतें आणि तळाकडून दक्षिणेस परततें. पश्चिम युरोपास सौम्य हिवाळा लाभण्यांत या अभिसरणाचा मोठा वाटा आहे.

समुद्राच्या पाण्यांत युरेनियम सर्वत्र जवळजवळ सारख्याच प्रमाणांत विरघळलेलें असतें. त्याच्या क्षयापासून थोरियम व प्रोटॅक्टिनियम हीं द्रव्यें ठराविक प्रमाणांत उत्पन्न होतात. थोरियम कणांना चिकटून कांहीं दशकांतच तळ गांठतें. प्रोटॅक्टिनियम शंभराहून अधिक वर्षें पाण्यांत रेंगाळतें, आणि प्रवाह जोरदार असल्यास दूर दक्षिणेस निघून जातें. तेव्हां चिखलाच्या ज्या थरांत प्रोटॅक्टिनियम कमी, त्या काळीं प्रवाह वेगवान; ज्यांत तें अधिक, त्या काळीं प्रवाह मंद, असा हा हिशेब आहे.

बर्म्यूडा बेटाजवळील चिखलाचा असा हिशेब २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. सुमारें १७,५०० वर्षांपूर्वीं, हिमनगांचे तांडे उत्तर अटलांटिकांत वितळत असतां, हें अभिसरण जवळजवळ थांबलें होतें, असें त्यावरून दिसतें. गोडें पाणी हलकें. त्याची साय पृष्ठभागावर धरली कीं खालीं बुडण्याची क्रियाच अडते. सुमारें १२,९०० वर्षांपूर्वीं अभिसरण पुन्हां मंदावलें, आणि हिमयुगांतून बाहेर पडूं पाहणारा युरोप हजार वर्षांहून अधिक काळ गारठला. त्या थंडीची नोंद ग्रीनलंडच्या बर्फांतही आहे. परिणाम तेवढ्यावरच थांबला नाहीं. उत्तर गोलार्ध थंडावला म्हणजे पर्जन्याचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. या दोन्ही काळांत मोसमी पाऊस क्षीण झाल्याचें अरबी समुद्रांतील थर सांगतात.

आज ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडें पाणी पुन्हां त्याच समुद्रांत उतरत आहे. २००४ पासून बहामा बेटें ते आफ्रिका या टापूंत समुद्रांत सोडलेलीं यंत्रें अभिसरण मोजीत आहेत. या शतकांत तें मंदावेल, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. किती मंदावेल, यावर मात्र एकमत नाहीं. यंत्रांची नोंद दोन दशकांची, चिखलाची हजारों वर्षांची. म्हणूनच भविष्याचें गणित मांडणाऱ्यांना तें प्रथम या चिखलाशीं ताडून पाहावें लागतें.