अंगणातले बॅडमिंटन कोर्ट

भंडारा जिल्ह्यात आयुध निर्माणीमुळे वसलेल्या जवाहरनगरच्या आसपास घर बांधताना मागे मोकळी जागा राहिली असेल, तर तिथे बॅडमिंटन कोर्ट जरूर करावे. या खेळाचे सुरुवातीचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत आकाराला आले, म्हणजे खेळ तसा आपल्या घरचाच.

आखणी १३.४० बाय ६.१० मीटरची. भोवती पळायला जागा धरली तर साधारण दीड हजार चौरस फूट लागतात. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही.

खरा पैसा जमिनीखाली घालावा. भंडारा हा धानाचा जिल्हा. इथली चिकण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती खणून काढा, मुरूम थराथराने रोलरने दाबा, मगच काँक्रीट टाका. शंभराला एक असा उतार एकाच बाजूला द्या, म्हणजे पाणी साचून शेवाळ धरणार नाही. ओले काँक्रीट मे महिन्याच्या उन्हात फार लवकर सुकते, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावे आणि किमान आठवडाभर वाफे करून पाणी साठवावे. गुळगुळीत घोटाई मात्र गवंड्याला करू देऊ नका. दवात पाय घसरतो.

जाळीची उंची खांबांपाशी १.५५ मीटर. उघड्यावर वाऱ्याने फूल भरकटते, तेव्हा पहाटेच खेळावे.